बर्च रस्त्यावरची तेरा मिनिटं

वॉर्डलो शहर पोलीस ठाणे. गुरुवार, दि. १६ नोव्हेंबर. दुपारी १ वाजून ४० मिनिटे.

मी, श्रीमती मर्ना जोन ट्रुडेल, वय ६८ वर्षे, धंदा शाळेच्या स्वयंपाकघरातून सेवानिवृत्त व निवडणुकीच्या दिवसांत काउंटी कार्यालयात मानधनावर काम, राहणार ४१८, टॅमरॅक रस्ता, वॉर्डलो, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझ्या मालकांचं निधन होऊन नऊ वर्षं झाली. माझ्यावर आजवर कुठलीही केस नाही, गाडीच्या दंडाची पावतीसुद्धा नाही.

आज सकाळी माझे सहकारी ऑर्विल लिंडक्विस्ट, वय ७४, यांच्या घरी जो प्रकार झाला त्याबद्दल मी जबाब देत आहे. सार्जंट ट्रेमेन बाई म्हणाल्या की आजचं कळायला आधीचं कळलं पाहिजे, म्हणून सोमवार दि. ६ नोव्हेंबरपासून सांगा. त्या दिवसाबद्दल कोणालाही काही बोलणार नाही असा मी ऑर्विलला शब्द दिला होता. दहा दिवस मी तो पाळला. निवडणूक कार्यालयात साहेबांनी विचारलं तेव्हाही गप्प बसले. आज मोडते आहे, कारण आज सकाळी माझ्या शब्दापायी दोन-तीन माणसं मेली असती, आणि त्यात तो स्वतः पहिला असता.

ऑर्विल आणि मी एकोणीस वर्षं जोडीनं काम करतो. मतपत्रिका पेटीतून कार्यालयात न्यायच्या तर एक माणूस डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, दोघं एकाच गाडीत, असा आमच्याकडे नियम आहे. मी डेमोक्रॅट, तो रिपब्लिकन. या वेळची निवडणूक महापौराची, तिच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, तरी नियम तोच. गाडी तो चालवतो, पिशवी माझ्या मांडीवर. मी गाडी चालवली तर त्याला मळमळतं, असं त्याचं म्हणणं. पिशवी जाड निळ्या कापडाची असते, तिला नंबराचं सील लागतं. पिशवी एकटी सोडायची नाही, म्हणजे नाही. हा नियम मी नवीन मुलींना शिकवताना सांगायचे, शिंक आली तरी पिशवीवर हात ठेवून शिंका.

सोमवारी दुपारी आम्ही लिंडन रस्त्यावरच्या वाचनालयाबाहेरची पेटी उघडली. घरून मत देणारे लोक आपली पाकिटं त्यात टाकतात. २१२ पाकिटं निघाली. दोघांनी मोजली, पिशवीत भरली, सील लावलं, नंबर वहीत लिहिला. १ वाजून ५० मिनिटांनी निघालो. तिथून निवडणूक कार्यालय चौदा मिनिटांवर. एकोणीस वर्षांत आम्हाला कधी सतरा मिनिटं लागली नाहीत, बर्फ असला तरी.

वाटेत ऑर्विल नेहमीसारखा बडबड करत होता. थँक्सगिव्हिंगला टर्की किती पौंडांची आणायची यावर चालू होतं. सहाव्या गल्लीच्या सिग्नलला सरळ जायचं असतं, तो डावीकडे वळला. मला वाटलं पुढे रस्ता खणलाय. मग तो म्हणाला, "उशीर झाला तर आर्डिस चिडेल. तिनं ओव्हन लावलाय."

आर्डिस म्हणजे त्याची बायको. ती जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या दफनाला मी होते, सँडविच मीच केली होती. मी म्हटलं, "ऑर्विल, काय बोलतोयस तू?" तो हसला आणि म्हणाला, "तू पण ये की जेवायला. मात्र राजकारण बोलायचं नाही."

१ वाजून ५८ मिनिटांनी त्यानं गाडी २२०६, बर्च रस्ता या घराच्या आवारात लावली. हे घर पूर्वी त्याचं होतं. आर्डिस गेल्यावर त्यानं ते विकलं. आता तिथे एक तरुण जोडपं राहतं, मी त्यांना ओळखत नाही. अंगणात महापौरपदाच्या उमेदवार लॉरेटा स्टॅन्सिल यांच्या प्रचाराची पाटी होती. त्या वेळी माझं तिच्याकडे लक्षही गेलं नाही. पाट्या अर्ध्या गावाच्या अंगणात आहेत, उरलेल्या अर्ध्यात त्यांच्याविरुद्ध उभ्या थेरॉन मॅकब्राइडच्या.

ऑर्विल उतरला, दाराशी गेला, खिशातून किल्ली काढली आणि कुलपात घालायला लागला. किल्ली जाईना. तो परत परत घालत होता. मी काच खाली करून हाका मारल्या. हॉर्न वाजवला. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. माझी परिस्थिती अशी की मी उतरले तर पिशवी गाडीत एकटी राहणार, आणि नाही उतरले तर हा दुसऱ्याच्या घराचं कुलूप फोडणार. आमच्या गावात लोक दाराशी अनोळखी माणूस दिसला की आधी गोळी घालतात, मग विचारतात. मी पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्यामागे दाराशी गेले.

मी नियम पाळला. एवढं लिहा. मी पिशवी आत नेली असं सगळं गाव म्हणतंय. मी ती आत नेली नाही. मी ती एकटी सोडली नाही म्हणून ती माझ्या खांद्यावर होती. तीच पिशवी गाडीत टाकून गेले असते तर आज माझा फोटो कुठे आला नसता, ही गंमत आहे.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं वळून पाहिलं आणि म्हणाला, "काय पाहिजे बाई तुम्हाला? आम्हाला काही विकत घ्यायचं नाही." एकोणीस वर्षं तो मला अगं-तुगं करतो. त्यानं मला बाई म्हटलं, तुम्ही म्हटलं. त्या माणसाच्या डोळ्यांत मी कुठे नव्हतेच. मला इतकी भीती माझे मालक गेले त्या दिवशीही वाटली नव्हती.

मी म्हटलं, "ऑर्विल, माझ्या खांद्यावर लोकांची मतं आहेत. चल." हे मी चारदा म्हटलं असेल. शेवटी त्याची नजर पिशवीवर गेली. मग दारावर, मग हातातल्या किल्लीवर. तो एकदम म्हातारा दिसायला लागला. गाडीत बसल्यावर पाच मिनिटं त्यानं किल्ली फिरवली नाही. मग म्हणाला, "ग्रेटाला सांगू नकोस." ग्रेटा त्याची मुलगी, डेटनला असते. "तिला कळलं की गाडी गेली, घर गेलं, आणि मला त्या वृद्धाश्रमात नेऊन बसवतील. रोज दुपारी बिंगो खेळवतात तिथे. तू सांगणार नाहीस, हो ना?"

मी म्हटलं, नाही सांगणार. आम्ही २ वाजून ११ मिनिटांनी तिथून निघालो आणि २ वाजून २१ मिनिटांनी कार्यालयात पोचलो. सील जसंच्या तसं होतं, नंबर जुळला, पाकिटं २१२ भरली. वहीत एक रकाना असतो, वाटेत थांबलात का. नेहमी ऑर्विल भरतो. त्या दिवशी तो पेन धरून नुसता वहीकडे बघत बसला म्हणून मी भरला. मी 'नाही' लिहिलं. ते खोटं आहे, ते माझ्या हातचं आहे आणि त्याची जी शिक्षा असेल ती माझी. पुढच्या फेरीला तो नको, मी दुसरी जोडी मागेन, असं मी मनाशी ठरवलं होतं. मतदानाच्या दिवशी त्याला ताप आलाय असं कार्यालयात सांगून मी त्याला घरी बसवलं. त्याला ताप नव्हता.

मंगळवारी मतदान झालं. स्टॅन्सिल बाई ६३ मतांनी पुढे राहिल्या. गुरुवारी ९ तारखेला तो व्हिडिओ आला. बर्च रस्त्यावरच्या घराच्या बेलमध्ये कॅमेरा आहे. त्या घरच्या कोणा मेहुण्यानं तो इंटरनेटवर टाकला. त्यात आवाज नाही. काउंटीचा शिक्का असलेली गाडी दिसते, स्टॅन्सिल बाईंची पाटी दिसते, ऑर्विल किल्लीनं दार उघडताना दिसतो आणि मी निळी पिशवी खांद्याला लावून दाराशी येताना दिसते. तिथे व्हिडिओ कापलाय. खाली लिहिलंय, 'आपली ६३ मतं या पिशवीत.' मीच तो पाहिला आणि मलाच वाटलं की या बाईनं काहीतरी केलंय.

पहिला फोन त्याच संध्याकाळी आला. आजपर्यंत १४१ झाले. मी उचलत नाही, ते निरोप ठेवतात. त्यातले अकरा मी सार्जंट बाईंना ऐकवले, बाकीचे ऐकवायची माझी हिंमत नाही. शिव्या देणाऱ्यांची मला तेवढी भीती वाटत नाही. शाळेत चाळीस वर्षं काढलीत, शिव्या नव्या नाहीत. पण एक जण आहे, वयस्कर, बोलायला अगदी सभ्य. तो म्हणतो, "मर्नाबाई, तुमच्या स्वयंपाकघरातले पिवळे पडदे छान आहेत हो. बदलू नका, म्हणजे घर लगेच सापडतं." पडदे मागच्या बाजूला आहेत. रस्त्यावरून दिसत नाहीत. ते दिसायला माझ्या अंगणात यावं लागतं.

शुक्रवारपासून मी न्हाणीघरातल्या टबमध्ये उशी घेऊन झोपते, कारण त्या खोलीला खिडकी नाही. रोज दुपारी तीन ते चार एक हिरवा पिकअप ट्रक समोर उभा राहतो. आतला माणूस काही करत नाही, नुसता बसतो. नंबर मी अर्धाच लिहून घेतलाय, कारण पडदा सरकवायला हात धजत नाही. रविवारी चर्चमध्ये माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली. दुकानात गल्ल्यावर ब्रायनी नावाची मुलगी आहे. ती पाच वर्षांची असल्यापासून मी तिला जेवण वाढलंय, गाजर नको म्हणून रडायची. तिनं माझं सामान पिशवीत भरता भरता हळूच विचारलं, "मिसेस ट्रुडेल, खरं सांगा ना, ती पिशवी दारापर्यंत कशाला नेली हो?" मी पैसे मोजून दिले. तिनं मान खाली घातली. तिच्या नजरेत मी त्या क्षणी चोर झाले. धमक्यांनी रडले नव्हते, गाडीत बसून तेव्हा रडले.

सोमवारी १३ तारखेला निवडणूक अधिकारी डेल हॉब्रूक यांनी मला बोलावलं. मी रस्ता चुकलो एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "मर्ना, रस्ता चुकलात असं म्हणतेस, ठीक आहे. मग पिशवी घेऊन दाराशी का गेलीस?" पुढे म्हणाले, "पुढच्या मंगळवारी, २१ तारखेला फेरमोजणी आहे. त्याआधी मला काहीतरी दे गं. तू काहीच बोलली नाहीस तर लोक सगळं बोलणार." ऑर्विललाही बोलावलं होतं. त्यानं बर्च रस्त्याला गेलोच नाही असं सांगितलं. व्हिडिओ दाखवला तर म्हणाला की हा मी नव्हे. लोकांना वाटलं की काय निर्ढावलेला म्हातारा आहे. मला माहीत होतं की तो खरंच बोलतोय, त्याच्यापुरतं.

मी ग्रेटाला फोन करायला हवा होता. नंबर दोनदा लावला आणि ठेवला. फक्त माझ्यापुरतं असतं तर मी केव्हाच बोलले असते. पण एका माणसाचं घर, गाडी, सगळं माझ्या एका वाक्यानं जाणार होतं, आणि मी शब्द दिला होता. शिवाय खरं सांगायचं तर मला असंही वाटत होतं की कोण विश्वास ठेवणार? म्हातारीनं बरी गोष्ट रचली म्हणतील.

आता आजचं. सकाळी सव्वादहा वाजता मी ऑर्विलच्या घरी, ७१, मर्सर गल्ली इथे गेले. बुधवारी फोनवर त्यानं मला एकच प्रश्न तीनदा विचारला होता, दार कुठल्या बाजूनं उघडतं. त्यामुळे राहवलं नाही. जाताना कोंबडीचं सूप बरणीत भरून घेतलं. घराचे सगळे पडदे बंद होते. तीन दिवसांची वर्तमानपत्रं पायरीवर पडली होती. आतून कोणाचा तरी आवाज येत होता. मी कान दिला तर तो फोनवरच्या निरोपांचा आवाज होता. धमक्या त्यालाही येत होत्या. तो मशीन लावून ऐकत होता. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी एक धमकी एकदा ऐकते आणि नंतर ती जुनी होते. त्याला ती जुनी होत नव्हती. दर वेळी त्याच्या घरी आत्ता, या क्षणी, पहिल्यांदा फोन येत होता. आठवडाभर तो असा बसला होता. मी त्याला फोनवर "काळजी करू नकोस" म्हणत होते.

मी दार वाजवलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार चार बोटं उघडलं आणि फटीतून बंदूक बाहेर आली. बदकं मारायची त्याची दुनळी. तिची दोन्ही तोंडं माझ्या गळ्याच्या उंचीला होती, हातभर अंतरावर.

"कोण?"

"मी. मर्ना."

"खोटं बोलू नका. मर्नाला नेलं त्यांनी."

"कोणी नेलं?"

"ज्यांचे फोन येतात त्यांनी. पिशवीवाल्या बाईला बघून घेऊ म्हणाले. नेलं तिला. तुम्ही कोण? मागे व्हा."

मी मागे झाले नाही. हे धैर्य नव्हतं. माझे पाय हलत नव्हते. माझे कपडे खराब झाले, हे लिहिलं तरी चालेल, सार्जंट बाईंना ठाऊकच आहे, त्यांनीच मला दुसरी पँट दिली.

समोरच्या मिसेस पेट्राकिस यांनी खिडकीतून पाहून पोलिसांना फोन केला. त्यांचा दोष नाही, मीही तेच केलं असतं. १० वाजून ३१ मिनिटांनी दोन गाड्या आल्या. मला मागे पाहता येत नव्हतं, पण गाड्यांची दारं उघडल्याचं ऐकलं आणि कोणीतरी ओरडलं, "बंदूक खाली ठेवा! बाई, बाजूला व्हा! बाजूला व्हा!" चार पोलीस होते असं मला नंतर कळलं. मी बाजूला झाले असते तर त्यांना ऑर्विल दिसला असता. त्याला ते दिसले असते. म्हणून मी झाले नाही. माझ्यापुढे दोन नळ्या आणि मागे चार पिस्तुलं, मध्ये मी आणि सूप.

मी त्याला सगळी नावं सांगून पाहिली. आर्डिस, ग्रेटा, त्याचा जुना कुत्रा. काही उपयोग झाला नाही. मागून पुन्हा ओरडले आणि त्यानं चाप ओढायला बोट आत घातलं. ते मी पाहिलं. आणि मग, का कोण जाणे, माझं डोकंच सटकलं. मी ओरडले, "ऑर्विल लिंडक्विस्ट! एकोणीस वर्षं तुझी ती बिनमिठाची बटाट्याची कोशिंबीर मी मुकाट्यानं गिळली! तुझ्या गुडघ्याची गाऱ्हाणी ऐकली! आणि आता तू मला विचारतोस कोण? तुम्हा रिपब्लिकन लोकांना नेहमी काम झालं की माणूस ओळखू येत नाही!"

तो आतून म्हणाला, "मीठ कमी असतं ते ब्लडप्रेशरसाठी."

"ब्लडप्रेशर माझं वाढतं ते खाऊन!"

"काय तोंड आहे गं तुझं," तो म्हणाला. "आलीच शेवटी ही डेमोक्रॅट. अगं, मला वाटलं तुला मारलं."

बंदूक खाली गेली. त्यानं ती दाराआड उभी केली आणि बाहेर आला. पायजमा, वर कोट, दाढी वाढलेली. पोलिसांनी त्याला जमिनीवर पाडलं नाही. मी ओरडून सांगत होते, तो आजारी आहे, तो आजारी आहे. तरुण पोलिसानं, ऑफिसर डुआर्टे असं त्याच्या शर्टावर होतं, ऑर्विलच्या हाताला धरून पायरीवर बसवलं. बंदुकीत दोन्ही काडतुसं भरलेली निघाली.

पायरीवर बसून ऑर्विल त्या पोलिसाला स्पष्ट, नीट म्हणाला, "साहेब, त्या सोमवारी, मतदानाच्या आदल्या दिवशी, मी घर चुकलो. माझ्या जुन्या घरी गेलो. ही फक्त मला आणायला दाराशी आली. पिशवी खाली ठेवायची नसते, म्हणून ती हिच्याजवळ होती. हिनं काही केलं नाही." हे शब्द मी आणि ऑफिसर डुआर्टे या दोघांनी ऐकले. मला त्या वेळी वाटलं, संपलं. आता सगळं संपलं, आता मी माझ्या पलंगावर झोपेन.

ते लिहून घेतलं गेलं नाही. मी ऑफिसर डुआर्टे यांना दोष देत नाही. त्यांच्या छातीवरचा कॅमेरा त्या गडबडीत चालू नव्हता असं मला सांगण्यात आलं. बारा वाजता सार्जंट ट्रेमेन दवाखान्यात गेल्या तेव्हा ऑर्विल म्हणाला की तो बर्च रस्त्यावरच राहतो, आणि आर्डिस कुठे आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की या माणसाचा जबाब आता घेता येणार नाही, पुढेही येईल असं वाटत नाही. म्हणजे बर्च रस्त्यावरच्या त्या तेरा मिनिटांची साक्ष द्यायला आता दुसरं कोणी नाही. मी आहे. आणि माझ्यावर गावाचा विश्वास नाही.

ग्रेटा डेटनहून एक वाजता पोचली. ती दवाखान्याच्या दारात माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मर्ना मावशी, मला एका शब्दानं सांगायचं होतंत. फक्त एका. मी आलेच असते." मी म्हटलं, "त्यानं नको म्हटलं होतं गं." ती म्हणाली, "तो मला जॉर्जिया म्हणतोय, मावशी. जॉर्जिया कोण?" मला माहीत नव्हतं. ती आपलं सगळं सामान तसंच हातात धरून उभी होती आणि माझ्याकडे रागानं बघत होती. तिचा राग बरोबर आहे.

मी तिथून निघताना ऑर्विलनं खाटेवरून मला हाक मारली. मला वाटलं ओळखलं. तो म्हणाला, "अहो बाई, कोण आलं निवडून?" मी म्हटलं, "मोजणी चालू आहे." तो म्हणाला, "बरं. मोजू द्या नीट."

सार्जंट बाईंनी मला सांगितलं की हा जबाब सरकारी कागद आहे, कोणीही अर्ज करून याची प्रत मागू शकतो, आणि मी इथे बसले असताना तीन अर्ज आले आहेत. वर माझं नाव आहे, पत्ता आहे. पत्ता काढता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं. येत नाही. मग मी विचारलं की ऑर्विलच्या आजाराचं तरी काढता येईल का. त्या म्हणाल्या, "ते काढलं तर तुमचं काय उरतं?" तो दाराशी उभा राहून मला बाई म्हणाला, ते सगळ्या गावानं वाचावं असं मला वाटत नाही. मला फार लाज वाटते. पण ते राहू दे, लिहा. फेरमोजणीत मतं जेवढी आहेत तेवढीच निघतील. ज्यांना विश्वास ठेवायचा ते ठेवतील. बाकीचे म्हणतील की म्हातारीनं वेड्या माणसाच्या नावावर खपवलं.

माझी मागणी एवढीच आहे की ते फोन करणारे शोधावेत, आणि ऑर्विलच्या घरातलं ते मशीन कोणीतरी जाऊन बंद करावं. मी निघाले तेव्हाही ते चालूच होतं.

जबाब सार्जंट ट्रेमेन यांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी ऑर्विलचा उल्लेख 'आरोपी' असा होता, तो खोडून मी 'सहकारी' लिहायला लावलं आणि त्यावर माझी आद्याक्षरं घातली. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. दुपारी ३ वाजून २० मिनिटे. सही केली आहे. माझी गाडी ठाण्याच्याच आवारात आहे, इथून वीस पावलांवर, आणि बाहेर लख्ख ऊन आहे. तरी गाडीपर्यंत कोणीतरी माझ्यासोबत यावं, अशी विनंती आहे.